वेण्यांची रांग

"ऊठ, आजपासून माझ्या मागं बस," आठवीतली ताई म्हणाली आणि आपल्या पुढ्यातली फरशी हातानं झाडू लागली.

कावेरीला कळेना. वसतिगृहाच्या व्हरांड्यात रोज सकाळी मुली एकीमागं एक बसायच्या आणि जी ती आपल्या पुढचीच्या वेण्या घालायची. कावेरीची जागा ताईच्या पुढ्यात. आल्या दिवशी रडून रडून तिचा घसा बसला होता, तेव्हा ताईनंच डोक्यावर तेल जिरवत विचारलं होतं, "घरी कोण कोण आहे गं?" एका डोळ्याची मनी आहे म्हटल्यावर ताई केवढी हरखली! "अगं, आमच्याकडं पण अगदी तश्शीच आहे!" त्या एका वाक्यावर कावेरी इथं रुळली. घरून आठवण म्हणून आणलेलं मनीच्या गळ्यातलं घुंगरूसुद्धा तिनं ताईच्या मांजरीसाठी देऊन टाकलं.

आता त्या जागेवर काल आलेली मुलगी मुसमुसत बसली.

"घरी कोण कोण आहे गं?" ताईनं तिला विचारलं.

"लंगडी शेळी."

"अगं, आमच्याकडं पण अगदी तश्शीच आहे!"

कावेरीनं हातातली ताईची वेणी करकचून ओढली. "माझं घुंगरू दे."

ताईनं मागं न बघता खिशातून घुंगरू काढून दिलं. "बांधायला घरी कुणी नव्हतंच गं," ती हळूच म्हणाली.

कावेरी ताडकन उठायला गेली, पण डोक्याला हिसका बसला. तिची वेणी मागच्या मुलीच्या हातात होती.

"हलू नको," मागची म्हणाली, "अर्धीच झालीय."