जंतूंचं खाणं

"वहिनी, हिला आत्ताच आवरा, नाहीतर पिंप होईल!" नणंद लेकीसमोरच हसली.

दुसऱ्या दिवसापासून मी लेकीला दह्यात प्रोबायोटिकची पुडी कालवून देऊ लागले.

"यात चांगले जंतू असतात, जिवंत. ते तुला बारीक करतील."

"ते काय खातात?"

"तू खातेस तेच."

महिन्यात तिचं तीन किलो वजन उतरलं. मी नणंदेला मुद्दाम पुडीचा फोटो पाठवला.

आज लेक शाळेत चक्कर येऊन पडली. बाई म्हणाल्या, रोजचा डबा ती कुंडीत ओतत होती.

सलाइन लावलेल्या हाताने तिने माझं बोट धरलं.



"आई, जंतूंना उपाशी ठेवलंय मी. आता ते मलाच खातील. मग मी तुला आवडेन ना?"