बेटांवरची वाळू

दुकानदाराने वाटीतल्या वाळूवर व्हिनेगरचे थेंब सोडले आणि कान वाटीजवळ नेला. समोर मास्तर निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे उभे होते.

"फसफसत नाही," दुकानदार म्हणाला.

खाऱ्या पाण्यातले मासे विकणारा हा माणूस तोंडाने फटकळ, पण धंद्यात चोख. मास्तरांनी नवी टाकी घेतली तेव्हाच त्याने बजावलं होतं, की जुनी वाळू घालायची तर आधी मला दाखवा. बेटांवरची वाळू म्हणजे पोवळ्यांचा नि शिंपल्यांचा चुरा. आंबट पडलं की तिला बुडबुडे येणारच. मास्तरांना त्याची काळजीच नव्हती. त्यांची वाळू एका नव्हे, सहा बेटांवरची होती.

मास्तरांचे वडील जहाजावर होते. सुट्टीवर आले की घरात हसण्याखिदळण्याला नुसता ऊत यायचा. मास्तर चौथीत असताना वडिलांनी एक रिकामी काचेची टाकी आणून ठेवली. आधी वाळू, मग समुद्राचं पाणी, मग मासे, असं म्हणाले. वाळू मी पाठवतो, बेटाबेटांवरची, असंही म्हणाले, आणि गेले.

पोर वाटेकडे डोळे लावून बसलं. महिने सरले, बाबा नाहीत की बाबांचा निरोप नाही. पोराचं जेवणावरून मन उडालं, पाठ झालेले पाढेसुद्धा ते विसरलं. शेजारीपाजारी आईला नाही नाही ते सुचवायला लागले. अशात एक दिवस ते शाळेतून आलं तर टाकीजवळ वाळूची पिशवी! जहाजावरचा कोणी माणूस देऊन गेला होता. त्या रात्री पोर पोटभर जेवलं.

मग दरवर्षी एक पिशवी यायची. तो मेला माणूस नेमका शाळेच्या वेळातच उगवायचा, आणि त्याची भेट हुकली म्हणून मास्तर दरवेळी रुसायचे. आई दिवसभर कामाला. संध्याकाळी दारातच चपला आपटून, झटकून मगच ती आत यायची. स्वयंपाक करता करता नव्या बेटाची हकिगत सांगायची. इथे म्हणे कासवं अंडी घालतात. तिथे म्हणे वारा असा, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मास्तर कोपरापर्यंत हात वाळूत घालून ऐकायचे. त्या वाळूनेच त्यांना भूगोलाचं वेड लावलं आणि पुढे त्याच वेडावर त्यांची नोकरी झाली. दहावीच्या वर्षी बाबा जहाजावरच वारल्याचं आईने सांगितलं. पिशव्या थांबल्या.

आता जुनी टाकी तडकली होती, मास्तर निवृत्त झाले होते आणि आई ऐंशीला टेकली होती. त्या वाळूवर खरा समुद्र उभा करायचा आणि आईला त्याच्यापुढे बसवायचं, एवढंच मास्तरांच्या डोक्यात होतं. आधी सासूबाईंचा चष्मा बदला, मग मासे दाखवा, असं बायको म्हणाली, पण बादल्या तिनेच काढून दिल्या.

दुकानदाराने वाटीतून एक करडा खडा उचलला आणि फोडून दाखवला.

"सिमेंट आहे. मास्तर, ही बांधकामाची वाळू. टाकीत घालू नका, मासे जातील."

"माझ्या वडिलांनी पाठवली होती. बेटांवरून."

दुकानदाराने वाटी पुसून हळूच त्यांच्या हातात दिली. फटकळ माणसाने एवढं जपून वागावं, याचंच मास्तरांना जास्त लागलं.

घरी पोचेपर्यंत त्यांना सगळं उलगडलं होतं. कसली बेटं नि कसलं काय! बाबा तेव्हा कुठल्याशा बंदरात मजेत असतील, वर्षाकाठी कधी घर आठवलं की शेजारच्या ढिगातून पिशवी भरून धाडत असतील. आणि आपण जन्मभर वर्गात छाती फुगवून त्या बेटांच्या गोष्टी सांगितल्या. मास्तरांना संताप आला आणि रडूही आलं. पण आईला हे कळता कामा नये. तिने उभं आयुष्य त्या वाळूच्या भरवशावर काढलं होतं.

खाली कुंपणाच्या भिंतीला गिलावा चालू होता. मास्तरांनी जुन्या वाळूचं पोतं उचललं आणि गवंड्याला देऊन टाकलं. त्याने दुपारपर्यंत वाळू कालवून संपवलीसुद्धा. मास्तरांनी दुकानातून पोवळ्यांची वाळू आणली, धुतली, पसरली. पाणी नितळ व्हायला आणि मासे रुळायला काही आठवडे गेले. मग त्यांनी आईला हाताला धरून टाकीपुढे बसवलं.

एक नारिंगी मासा काचेपाशी आला. आईने त्याच्यापुढे बोट धरलं आणि लहान मुलीसारखी हसली. मग बाही वर सारून तिने हात पाण्यात घातला, तळाची चिमूट घेतली आणि बोटांत चोळली.

"ही आपली नव्हे."

धुतल्यामुळे तशी लागते, असं मास्तर म्हणाले.

"अरे, ती वाळू मी डोळे मिटून ओळखीन. खरं काय ते सांग."

आईपुढे मास्तरांचं खोटं कधी टिकलं नव्हतं. त्यांनी व्हिनेगर, सिमेंटचा खडा, गवंडी, सगळं सांगितलं.

"बाबांनी आपल्याला फसवलं, आई. बेटांवरची म्हणून बांधकामावरची वाळू धाडत राहिले."

आईने हात पुसला.

"गवंड्याला दिलीस? म्हणजे जिथली तिथे गेली म्हणायची," ती म्हणाली आणि चक्क हसली.

"जिथली तिथे म्हणजे?" मास्तरांनी विचारलं.

"त्यांना कशाला बोल लावतोस? तू चौथीत असताना ते घराबाहेर पडले ते पुन्हा फिरकलेच नाहीत. चिठ्ठी नाही की चपाटी नाही. तू जेवेनास, म्हणून मीच आणायचे रे, कामावरून, रोज मूठभर, जेवणाच्या रिकाम्या डब्यातून."