पिवळ्या खुर्चीवरचं बोंड

"उठा, उठा! त्या खुर्चीवर बसायचं नसतं!"

थेल्मा जवळजवळ धावलीच. पिवळ्या रेशमी खुर्चीत टेकलेले जाडे गृहस्थ दचकून उठले.

"मग तसं लिहावं तरी कुठंतरी," ते पुटपुटले.

"लिहायला कशाला हवं? खुर्चीवर बोंड ठेवलेलं अस..." थेल्माची जीभ तिथंच अडखळली. खुर्चीवर बोंड नव्हतं.

पाहुण्यांना बघायला खुल्या असलेल्या थॉर्नकोट हॉल या जुन्या हवेलीत 'बसू नका'च्या पाट्या लावत नाहीत. पाटीनं दिवाणखान्याची शोभा जाते म्हणे. दोनशे वर्षांच्या त्या खुर्च्यांवर पाइनच्या झाडाचं एकेक वाळकं, खवल्याखवल्यांचं बोंड ठेवतात, की समजायचं, ही जागा आपली नाही. दर मंगळवारी ती बोंडं थेल्माच मांडायची. अकरा वर्षं, फुकट आणि हौसेनं. आज सकाळीही तिनं सातच्या सात मांडली होती. क्लिफ, तिचा नवरा, प्रत्येक खुर्चीपाशी विचारत होता, "हे कशाला?" आणि ती सातही वेळा न चिडता सांगत होती, "दुसऱ्या कुणी बसू नये म्हणून."

क्लिफ! ती गर्रकन वळली. खिडकीजवळचं स्टूल रिकामं होतं.

एरवी त्याच्याजवळ बसणारी शेजारीण गावाला गेली म्हणून आज ती त्याला सोबत घेऊन आली होती. "इथून हलू नकोस. चारला सुटले की तळ्याकाठच्या आपल्या बाकावर बसू, अंड्याचं सँडविच खाऊ," असं तिनं बजावलं होतं. पण बजावलेलं त्याच्या डोक्यात आता राहतंय कुठं? मे महिन्यात तो सपाता घालून घराबाहेर पडला आणि दोन तासांनी हमरस्त्यावर सापडला. तेव्हा जेनिस म्हणाली होती, "आई, आणखी एकदा असं झालं ना, तर बाबांना वृद्धाश्रमात ठेवायचं. मग मी तुझं काही ऐकणार नाही." लेक बोलल्याप्रमाणे करणारी होती.

खिडकीतून हिरवळ थेट तळ्यापर्यंत गेलेली दिसत होती. पण ती तशी नव्हती. मध्येच पुरुषभर खोल चर होता आणि त्यात लपवलेली भिंत. मेंढरं वर येऊ नयेत आणि देखाव्यात कुंपणही दिसू नये, म्हणून बांधलेली. दर वर्षी कुणी ना कुणी पाहुणा त्यात कोसळायचाच. आणि त्यापुढं तळं. तळ्याला कठडा नव्हता. कठड्यानंही शोभा जाते म्हणे! आग लागो त्या शोभेला, असं थेल्माला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

कुणाला काही न सांगता ती बाहेर धावली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यानं. भिंतीच्या कडेला पोचून तिनं खाली डोकावलं. चर या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा होता. मग पायऱ्या उतरून फाटकातून ती तळ्याकडे निघाली.

लव्हाळ्याशेजारी पाण्यावर काहीतरी तपकिरी तरंगत होतं.

टोपी. क्लिफची टोपी तपकिरीच होती. घरी जाऊन जेनिसला काय सांगायचं, हेही त्या क्षणात तिच्या मनात येऊन गेलं. मग टोपीनं मान वर काढली आणि बदक होऊन ती लव्हाळ्यात शिरली.

तेव्हा कुठं तिनं बाकाकडे पाहिलं. क्लिफ तिथंच बसला होता. कोरडा ठणठणीत, गुडघ्यांवर हात ठेवून, पाण्याकडे बघत.

आधी त्याला रागवावं की मिठी मारावी, हे तिला कळेना. दोन्हींसाठी छातीत श्वास उरला नव्हता. ती धडपडत त्याच्या शेजारी बसायला गेली. क्लिफनं घाईघाईनं हात आडवा धरला.

"नाही हं बाई, तिथं नाही."

बाकावर त्याच्या शेजारच्या जागी, मधोमध, पाइनचं बोंड ठेवलेलं होतं.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. नजरेत ओळखीची खूणही नव्हती, नुसता सभ्यपणा होता.

"माफ करा," तो म्हणाला, "पण माझी बायको यायचीय. चारला सुटते ती."

थेल्मानं घड्याळ पाहिलं. पावणेचार झाले होते. ती उभीच राहिली.