सुजितचं प्रोफाइल

वेबसाइट आपोआप उघडून तपासणारी, नेत्राने जीव ओतून लिहिलेली टेस्टिंगची स्क्रिप्ट सुजितने सरळ स्वतःच्या नावावर खपवली, तरी अंबरनाथच्या त्या ऑफिसात कोणी चकार शब्द काढला नाही. मालक दौलतरावांचा तो होणारा जावई. रविवारी त्याचा आणि त्यांच्या मुलीचा, तेजलचा, साखरपुडा होता.

स्क्रिप्टला ब्राउझर जोडून देताना नेत्राने त्याला बजावलं होतं, "टेस्टला ब्राउझरचं कोरं प्रोफाइल लावूया, कोणाचंच लॉगिन नसलेलं. तुझं लावलं तर तू उघड्या ठेवलेल्या साइट्सपण उघडतील."

"दर वेळी लॉगिन कोण करत बसणार? माझंच लाव. विंडो कुठे कोणाला दिसते, सगळं मागच्या मागे चालतं," सुजित म्हणाला. "तू जास्त डोकं नको चालवू."

तिने त्याचंच प्रोफाइल लावलं. तपासायला एकदाच विंडो उघडली, समोर आलं ते नीट वाचलं आणि बंद केली. मग डेमोच्या दिवशी सकाळी, स्क्रिप्टमधली ब्राउझरची विंडो लपवणारी एक ओळ शांतपणे पुसून टाकली.

क्लायंट जमले. जावयाचं कौतुक बघायला दौलतराव मुद्दाम पुढच्या खुर्चीत बसले. "हे सगळं मी एकट्याने बनवलंय," म्हणत सुजितने बटण दाबलं, आणि भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर लग्न जुळवायच्या साइटवरचा त्याचा कालचा मेसेज उघडला.

 

"नाही गं, माझं अजून कुठेच ठरलेलं नाही. सोमवारी बदलापूरला भेटू, रविवारी घरी एक छोटंसं फंक्शन आहे."