सतरा नंबरची लेक

"माझ्या लेकीला मी निरोप दिला होता," मावशी म्हणाल्या. "आणि तुम्ही तिला इथं ठेवून घेतलंत. मला न विचारता."

डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे केली.

मावशींनी जन्मभर लोकांचे कपडे शिवून संसार ओढला होता. बोलणं मोजकं, बसणं ताठ. त्यांची मुलगी नऊ वर्षांची असताना स्नायू झिजण्याच्या आजाराने गेली, त्याला चाळीस वर्षं होत आली. आजारपणात तपासणीसाठी म्हणून तिच्या दंडाची मसुराएवढी कातडी काढली होती. मुलगी गेली, पण त्या कातडीतल्या पेशी या प्रयोगशाळेत जगल्या. काही गोठवून झोपवायच्या, काही जागवायच्या, एकीच्या दोन, दोनाच्या चार. आईला कुणी काही कळवलं नाही. कळवायचं असतं, हेच तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आता नियम बदलला होता. घरच्यांनी नाही म्हटलं तर पेशी नष्ट करायच्या. नेमकं आताच औषध हातातोंडाशी आलं होतं. ज्या जनुकात खोट होती ते दुरुस्त करणारं औषध, आणि ते याच पेशींवर घडत होतं. पलीकडच्या इमारतीत त्याच आजाराची मुलं त्याची वाट बघत होती. मावशींचा एक नकार, की सगळं मुसळ केरात.

"गोड बोला आणि सही घेऊन मोकळ्या व्हा," प्रयोगशाळेच्या साहेबांनी बजावलं होतं. पण गोड बोलणं हा डॉक्टरबाईंचा प्रांतच नव्हता.

"मी समजावत बसत नाही, मावशी," त्या म्हणाल्या. "तुम्ही एकदा सतरा नंबरला बघा. मग नाही म्हणालात, तर तुमच्यासमोर सगळं संपवते."

"सतरा नंबर कोण?"

डॉक्टरबाईंनी जीभ चावली. "तुमची मुलगी. इथं सगळे तसंच म्हणतात."

"आम्ही ठकी म्हणायचो." मावशी म्हणाल्या. "तिच्यात खोट आहे, हे तुम्हाला कशावरून कळतं?"

"शेजारी धडधाकट माणसाच्या पेशी वाढवायच्या आणि ताडून बघायचं. मी माझ्याच वाढवल्यात. आमच्याकडे रीतच आहे ती. कातडी मागायला कुणाच्या दारात जायचं?" त्यांनी बाही वर करून दंडावरचा व्रण दाखवला.

मावशींनी त्यावरून बोट फिरवलं. "टाका अगदीच कच्चा घातलाय," त्या म्हणाल्या, आणि आल्यापासून पहिल्यांदा किंचित हसल्या.

त्या हसण्याने डॉक्टरबाईंना धीर आला. सकाळीच त्यांनी पेशी वाढवायचं उबेचं कपाट पुसून आतली मांडामांड केली होती, पाहुणे यायचे म्हटल्यावर आपण घर आवरतो तशी. त्यांनी दार उघडून डिश काढली. बावीस वर्षांची सवय, डोळे मिटले तरी हात बरोबर जागेवर जायचा. डिश सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांनी आधी स्वतः पाहिलं.

"ही बघा. हजारात ओळखेन मी हिला."

मावशींनी चष्मा काढला आणि वाकल्या.

"या लांबट लांबट? मशीनच्या धोट्यासारख्या?"

"त्याच. मधे एक गोल झालीय बघा. तिच्या आता दोन होतील. वेळ लागेल पण."

"लागू दे. मला कुठं जायचंय."

मावशी जागच्या हलल्या नाहीत. बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेत होतं, तिची चाकं कुरकुरत लांब गेली. डॉक्टरबाईंनी पाठीला टेकायला उशी आणून दिली, ती तशीच राहिली.

"झाल्या," मावशी अगदी हळू म्हणाल्या. "दोन झाल्या हो." त्यांचा हात डॉक्टरबाईंचा हात शोधत आला आणि त्याने तो घट्ट धरला. "मी चाळीस वर्षं हिला गेलेली धरून चालले. आणि ही इथं नांदतेय."

डॉक्टरबाईंनी रोज पाहिलेली गोष्ट, पण आज या बाईच्या डोळ्यांनी ती पहिल्यांदाच दिसत होती, आणि अंगावर काटा येत होता.

"कोपऱ्यातली ती एकटीच बसलीय. रुसली की अशीच बसायची." मावशी सूक्ष्मदर्शकात बघूनच बोलल्या. "केवढी मोठी झालीस गं."

मग त्या उठल्या, डोळे पुसले आणि चष्मा लावला. "नका संपवू. कुणाचं तरी पोर उभं राहू दे हिच्यामुळे. आणि एक ऐका. तेव्हा विचारलं असतंत ना, तर तेव्हाही मी हो म्हटलं असतं."

"चुकलंच आमचं, मावशी."

"आता नंबर नको. ठकी म्हणा."

"ठकीच म्हणू."

मावशींनी सही केली. डॉक्टरबाई त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेल्या. ताठ चालणारी बाई आता रमतगमत चालत होती, वाटेत भेटलेल्या पहारेकऱ्यालाही तिने उगीचच "बरं आहे ना?" विचारलं. "आज मला झोप लागेल," रिक्षात बसताना मावशी म्हणाल्या.

डॉक्टरबाई जवळजवळ धावतच परतल्या. पेशी गार पडायच्या आत उबेत जायला हव्या होत्या. कधी एकदा साहेबांना सांगते असं झालं होतं. त्यांनी डिश उचलली, कपाट उघडलं आणि हात नेहमीसारखा खालच्या कप्प्यातल्या रिकाम्या जागेकडे गेला.

वरच्या कप्प्यात, सकाळी त्यांनीच दुसऱ्या डिशशी जागा बदलून मानाने ठेवली होती तिथे, ठकीची डिश जशीच्या तशी होती. हातातल्या पेशी डॉक्टरबाईंच्या स्वतःच्या होत्या.