बाहेरची खुर्ची

माझी बायको शैला गोडदेवच्या एका शाळेत शॅडो टीचर होती. ज्या मुलाला वर्गात एकट्याने बसता येत नाही, त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचं, हे तिचं काम. शेजारीण विचारायची, "भाभी, पढाती क्या हो?" शैला हसायची. "पढाती नहीं, सिर्फ बैठती हूँ."

ती गेल्यावर तिचं सामान आणायला मी शाळेत गेलो. ती जिच्या शेजारी बसायची ती हेमाली बाकावर एकटीच बसून चित्र रंगवत होती.

"हिच्यासाठी दुसरं कुणी मिळालं का?" मी वर्गाच्या बाईंना विचारलं.

"गरजच नाही काका. आजारपण कळल्यापासून शैलाताई स्वतःची खुर्ची थोडी थोडी मागे घेत गेल्या. आधी भिंतीजवळ, मग दाराजवळ, शेवटी तर बाहेर पॅसेजमध्ये. आम्ही म्हणायचो, आत या ना. तर म्हणायच्या, तिला माझ्याशिवाय बसायची सवय होऊ दे."

हेमालीने मान वर करून माझ्याकडे बघितलं. "मावशीची खुर्ची बाहेर आहे. तिकडे बस."

मी जाऊन बसलो. तिथून हेमाली दिसत नव्हती. वर्गातला आवाज तेवढा ऐकू येत होता.

शेवटच्या महिन्यात शैलाने बेडरूममधली स्वतःची कॉट हॉलमध्ये हलवून घेतली होती. मी चिडलो होतो. "एवढ्यातच परकी झालीस?"

"अहो, झोपा तुम्ही," ती म्हणाली होती. "मी इथेच आहे, बाहेर."