अळणी आमटी

लागोपाठ चौथ्या दिवशी आईची आमटी अळणी झाली, तेव्हा मी वैतागून तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. गावाहून येऊन तिला आठवडाही झाला नव्हता. आज मीठ विसरते, उद्या गॅस विसरेल, परवा मला.

"आजी, आज वार कोणता?" डॉक्टरांनी विचारलं.

"बुधवार. अष्टमी आहे, म्हणजे समुद्राला भांगाची भरती, उधाण नाही. हिला सांगा, माझं डोकं ठिकाणावर आहे."

"मग मीठ का विसरता?"

"विसरत नाही हो. सवय मोडली. तीन वर्षं झाली, दर उधाणाला समुद्र बांध ओलांडून परसात येतो. विहीर खारी झाली, पोफळी मेल्या. त्या पाण्यात शिजवलेल्या आमटीत वरून मीठ घातलं तर तोंडात धरवत नाही."

मी तिथंच तिच्यावर खेकसले, "मग मला सांगायचं नाही?"

"सांगून काय, तू समुद्राला दटावणार होतीस?"

दर रविवारी फोनवर मी एकच विचारायचे, विहिरीला पाणी आहे ना. आणि ती अगदी खरं तेच सांगायची, "काठोकाठ आहे. उन्हाळ्यातही आटत नाही."